प्रोसेसरवरचा आकडा आणि त्यामागची उष्णता

आज आपण एका जुन्या प्रोसेसरपाशी थांबू. इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू६६००, २००७ सालचा. त्यावर २.४ गिगाहर्ट्झ असं छापलेलं असतं. हा आकडा त्या चिपचा गुणधर्म आहे काय? सोन्याची घनता हा सोन्याचा गुणधर्म. २.४ हा मात्र कंपनीने दिलेला शब्द आहे. ठरावीक व्होल्टेज आणि ठरावीक तापमान धरून दिलेला. त्यात थोडी शिल्लक ठेवलेली असते. ती वापरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हिशेब साधा आहे. बसचा मूळ ठोका २६६ मेगाहर्ट्झ, त्याला ९ ने गुणलं की २.४ गिगाहर्ट्झ. हा गुणक वर नेता येत नाही, तो कुलूपबंद. मग बायोसमध्ये जाऊन ठोकाच ३३३ करायचा, की झाले जवळजवळ ३ गिगाहर्ट्झ. रॅमचा वेगही याच ठोक्याला बांधलेला असतो, तेव्हा तोही बघावा लागतो.

ठोके जवळजवळ आले, की ट्रान्झिस्टरना पालटायला वेळ कमी पडतो. व्होल्टेज वाढवलं तर ते लवकर पालटतात. मेख इथेच आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग सव्वापट केला आणि व्होल्टेज १.२५ वरून १.४० वर नेलं, तर सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे दीडपटीहून जास्त उष्णता. वेग मिळाला तो सव्वापटच! आमच्या मते हा व्यवहार तोट्याचा. ही चिप पुष्कळदा व्होल्टेज न वाढवताही ३ पर्यंत जाते, तिथेच थांबावं.

ही उष्णता चिपच्या झाकणातून लेपात, लेपातून हीटसिंकच्या पात्यांत आणि तिथून पंख्याने खोलीत जाते. इतक्या वर्षांत लेप वाळून पोपडा झालेला असतो. तो पुसून नवा लावावा, वाटाण्याएवढा पुरे. मूळ पंखा प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसतो. एक जरी नीट बसली नाही, तर भारीतला लेपही कामाचा नाही. आणि पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात पुण्यात सुरळीत चालणारी जुळणी मे महिन्यात चंद्रपूरला कोसळते ती यामुळेच.

संगणक बंद पडला, निळा पडदा आला, तर एकवेळ बरं. वाईट हे, की तो चालू राहतो आणि एखादंच उत्तर चुकवतो. ‘पण चालतंय की!’ असं लोक म्हणतात. चालतंय हे कशावरून? तपासणारं यंत्र तेच, आणि संशयितही तेच. म्हणून प्राइम९५सारखा प्रोग्राम ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी गणितं तासन् तास करवून घेतो आणि ताडून पाहतो. एक जरी उत्तर चुकलं, तरी ठोका खाली आणायचा.

ज्या संगणकावर कुणाचा प्रबंध किंवा घरचे हिशेब आहेत, त्यावर आम्ही ठोका २६६ वरच राहू देतो. लेप आणि पंखा मात्र बदलून घेतो.