रचनेचे मोल

तांब्याचे मोल वजनावर ठरते, हा बाजाराचा जुना हिशेब होय. परंतु त्याच तांब्याच्या चिमुकल्या कड्या आणि तारा सुमारे ५ मिलिमीटर अंतराने नियमबद्ध मांडल्या, तर सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या विद्युत्चुंबकीय लहरी काचेत किंवा पाण्यात वळतात त्याच्या नेमक्या उलट बाजूस वळतात. हा गुण धातूचा नव्हे, मांडणीचा आहे. लहरीच्या लांबीहून बारीक रचनेने घडविलेल्या अशा द्रव्यांना ‘मेटामटेरिअल’ म्हणतात.

या विचाराशी भारताचे नाते जुने आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तागाच्या पिळलेल्या जुड्यांतून विद्युत्लहरी सोडल्या होत्या. पीळ उजवा की डावा, त्याप्रमाणे लहरींच्या कंपनाचे प्रतल परस्परविरुद्ध दिशांना फिरले. पुढे १९६७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनी ऋण वक्रीभवनाची शक्यता गणिताने मांडली. तसा पदार्थ उपलब्ध नसल्याने ती तीन दशके कागदावरच राहिली. इंग्लंडमध्ये जॉन पेंड्री यांनी १९९९ मध्ये कड्यांची रचना सुचविली, २००१ मध्ये अमेरिकेत तिचा पडताळा आला आणि २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठात तांब्याचा एक दंडगोल सूक्ष्मलहरींपासून बऱ्याच अंशी लपविता आला.

तीन दशके व्याजही न देणाऱ्या कल्पनेत कोणता गुंतवणूकदार पैसा घालील? खासगी भांडवलाला एवढा धीर नसतो, आणि त्यात त्याचा दोषही नाही. म्हणूनच मूलभूत संशोधनाचा भार समाजाला उचलावा लागतो. भारताने २०२०-२१ मध्ये संशोधन व विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्का खर्च केला. गरीब देशाने तयार तंत्र विकत घ्यावे, असा युक्तिवाद केला जातो. तथापि रडारपासून लपविणारे तंत्र कोणते राष्ट्र दुसऱ्यास सहजासहजी विकते? कानपूरच्या आयआयटीने २०२४ मध्ये ‘अनालक्ष्य’ हे तशा प्रकारचे कापड सादर केले. त्यामागे वर्षानुवर्षांचे विद्यापीठीय संशोधन आहे.

खनिज देणे निसर्गाच्या हाती असते. रचनेचे ज्ञान मात्र प्रयोगशाळेत आणि वर्गातच घडते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना अंदाजपत्रकात मिळणारी रक्कम हा अनुत्पादक खर्च समजणे, म्हणजे तांबे मोजून रचना फुकट घालविण्यासारखे आहे.