दोन भावांचे एक नाव

संगीताचा विषय निघाला की ‘घराणे’ हा शब्द हटकून येतो. ग्वाल्हेर घराणे, किराणा घराणे, जयपूर घराणे. मग ज्याला घराणे नाही, त्याने गाण्याच्या वाटेला जाऊच नये काय?

हा प्रश्न मला पडण्याचे कारण अगदी घरगुती आहे. दिघाशीच्या आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दादा दहावीनंतर भिवंडीत एका गोदामात कामाला लागला, म्हणून मला शिकता आले. तो गावच्या भजनात ढोलकी वाजवतो. पण ‘संगीत कुठे शिकलास?’ असे कुणी विचारले की मान खाली घालतो. त्याला सांगायला काहीतरी हवे, म्हणून मी अजय-अतुल या संगीतकार बंधूंची वाटचाल वाचू लागले. तीच येथे थोडक्यात मांडते.

अतुल गोगावले यांचा जन्म १९७४ चा, तर अजय यांचा १९७६ चा. वडील महसूल खात्यात. आळंदी, जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा पुणे जिल्ह्यातील गावांतून दोघांचे बालपण गेले. घरात संगीताची परंपरा नव्हती आणि वाद्यही नव्हते. ज्याच्याकडे वाद्य असेल त्याच्याशी मैत्री करायची, हा त्यांचा मार्ग. देऊळ, शाळेचे बँडपथक, गावची मिरवणूक हीच त्यांची संगीतशाळा ठरली. पुढे वडिलांनी कीबोर्ड घेऊन दिला. आपल्यासारख्या घरात अशा खरेदीचा अर्थ काय असतो, हे वाचकांना सांगायला नको.

२००१ च्या सुमारास ‘विश्वविनायक’ या ध्वनिफितीने त्यांचे नाव पुढे आले. २००४ मध्ये ‘अगं बाई अरेच्चा!’ आला आणि त्यातील ‘मल्हारवारी’ अजय यांच्या आवाजात गावोगावी पोचली. येल्लम्माच्या जोगते-जोगतिणींचे जीवन दाखविणाऱ्या ‘जोगवा’च्या संगीतासाठी त्यांना ५६ वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ प्रदर्शित झाला आणि तमाशाची ढोलकी शहरातल्या दिवाणखान्यातही वाजू लागली. ‘जत्रा’मधील ‘कोंबडी पळाली’ची चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटात ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेली. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. त्यापुढचे सर्वांना ठाऊकच आहे.

आता त्यांच्या संगीतात नेमके काय घडते ते पाहू. आपल्या लोकगीतात मुख्यतः एक चाल असते आणि तिला ठेका असतो. सगळे मिळून तीच चाल म्हणतात. पाश्चात्त्य सिंफनीत मात्र अनेक वाद्ये एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवितात आणि त्यांच्या मेळातून एक भरीव नाद उभा राहतो. या बंधूंनी दोन्ही गोष्टी शेजारी बसविल्या. ‘सैराट’साठी त्यांनी हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. पण व्हायोलिनांचा ताफा आला म्हणून गावाकडचा ठेका मागच्या बाकावर गेला नाही. दोघांना सारखा मान मिळाला.

जी गोष्ट स्वरांची, तीच शब्दांची. ‘सैराट’ची गीते अजय-अतुल आणि नागराज मंजुळे यांनी लिहिली. पुस्तकात आपण ‘वेड’ लिहितो, गावात ‘याड’ म्हणतात. हाच ‘याड’ गाण्याच्या नावात मानाने बसला. शाळेत असताना मी एकदा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले आणि वर्गात हशा पिकला. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडले नव्हते. ‘याड लागलं’ ऐकले तेव्हा मला त्या हशाचे उत्तर सापडल्यासारखे वाटले.

अमेरिकेत ग्रामीण गीतांचा ‘कंट्री’ नावाचा प्रकार आहे. त्यात आयरा आणि चार्ली हे लुव्हिन बंधू फार गाजले. अलाबामातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची ही मुले. स्वतः गाणी लिहीत आणि दोन आवाजांत गात. पण १९६३ मध्ये जोडी फुटली आणि दोनच वर्षांनी आयरा अपघातात गेले. एका रक्ताचे असले तरी एका नावाने काम करणे सोपे नसते, हेच यावरून दिसते. अजय आणि अतुल यांच्या नावांमध्ये जी छोटी आडवी रेघ आहे, ती म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. गेल्या वर्षी आमच्या आळीत हळद होती. डीजेवर ‘झिंगाट’ लागले. मीही नाचले, खोटे कशाला बोलू? पण ओटीवर आजी गप्प बसली होती. तिच्या उमेदीत तिच्या गाण्यांवाचून आळीतली हळद लागत नसे. त्या रात्री ती गायली असती, तरी शेजारच्या बाईलाही ऐकू गेले नसते. मग दोष या गाण्याचा का? मला तसे वाटत नाही. त्या दोन भावांनी आपल्या आजूबाजूचे गाणे कान देऊन ऐकले. आम्ही मात्र त्यांचे तयार गाणे घेतले आणि आपले ऐकायचे सोडून दिले. त्यांचे अनुकरण करायचे, तर ते गाण्याचे नव्हे, ऐकण्याचे करावे.

हे सारे मी दादाला सांगितले. तो नेहमीप्रमाणे काहीच बोलला नाही. पण पुढच्या रविवारी सुट्टीच्या दिवशी तो स्वतःहून आजीजवळ जाऊन बसला आणि मोबाईलवर तिचा आवाज भरून घेऊ लागला. मी वही घेऊन शब्द उतरवीत होते. आजपर्यंत अकरा गाणी झाली आहेत. मधल्या काही ओळी आजीला आठवत नाहीत, त्या जागा मी कोऱ्या सोडल्या आहेत. वहीवर नाव कुणाचे घालायचे, यावर आमचा वाद झाला. शेवटी आजीचे नाव वर घातले आणि खाली आम्हा दोघांची. मध्ये आडवी रेघ आहे.