टोकन कोणाच्या हातात?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर शाळेच्या नावाने एक निरोप आला. परीक्षा फी आजच्या आज खाली दिलेल्या क्रमांकावर भरावी, असा. निरोप शाळेच्याच क्रमांकावरून आलेला, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. दोन पालकांनी पैसे भरले. एका आईने मात्र कार्यालयात फोन करून विचारले, "साहेब, फी तर आम्ही जूनमध्येच भरली ना?" तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. दोघांचे पैसे संस्थेने परत केले आहेत.

सर्वांचा पहिला प्रश्न एकच होता: पासवर्ड फुटला का? तसे काही झाले नव्हते. आठवडाभर आधी आमच्या कार्यालयाने काही याद्या छापण्यासाठी झेरॉक्सच्या एका दुकानातील संगणकावर शाळेचे व्हॉट्सॲप जोडले होते. छपाई झाली, खिडकी बंद केली आणि आमची माणसे निघून आली. लॉग आउट करायचे राहिले. त्यानंतर त्या संगणकावर कोण बसले हे सांगता येत नाही. दार आम्हीच उघडे ठेवले होते, म्हणून येथे कोणाचे नाव घेत नाही.

खिडकी बंद केल्यावरही आत शिरता कसे येते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपण ई-मेल उघडताना पासवर्ड किंवा ओटीपी देतो. पलीकडचा संगणक, म्हणजे सर्व्हर, तो एकदा तपासतो. पण महाजालाची रचना अशी की सर्व्हर प्रत्येक मागणी नव्याने पाहतो. मघाचा माणूस हाच, हे त्याला आपोआप आठवत नाही. दर क्लिकला पासवर्ड मागितला तर काम होणार कसे? म्हणून पहिल्या तपासणीनंतर सर्व्हर आपल्या संगणकाला कोणाला ओळखता येणार नाही असे लांबलचक अक्षर-आकड्यांचे एक चिठोरे देतो. हेच टोकन. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ते गुपचूप दाखवतो आणि सर्व्हर आत घेतो. खिडकी बंद केली तरी टोकन संगणकातच राहते. व्हॉट्सॲपमध्ये टोकनाऐवजी किल्ल्यांची जोडी असते, पण परिणाम तोच.

सुरतेच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. या शहराचा व्यापार कित्येक शतके हुंडीवर चालला. सतराव्या शतकात वीरजी व्होरा आणि पुढे अठराव्या शतकात अर्जुनजी नाथजी त्रवाडी या सुरतेच्या सराफांकडून ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा पैशाची सोय करून घेत असे. वीरजी व्होरा म्हणजे तेच, ज्यांची पेढी शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत लुटली गेली. (इतिहासाच्या तासाला मुले हे नाव हमखास विसरतात!) हुंडी म्हणजे "अमुक इतकी रक्कम द्यावी" अशी चिठ्ठी. पैसे देणारा पेढीवाला मूळ सावकाराला समोर पाहत नसे, चिठ्ठी पाहत असे.

आणि चिठ्ठी चुकीच्या हाती पडली तर? त्याचा विचार सराफांनी फार बारकाईने केला होता. ‘देखाडनार’ हुंडी जो दाखवील त्याला मिळे. ‘धनीजोग’ हुंडीचे पैसे तिच्या धन्यालाच मिळत. ‘शहाजोग’ हुंडी बाजारात पत असलेल्या शहामार्फतच वटे, म्हणजे घोटाळा झालाच तर धरायला माणूस असे. काही हुंड्या दर्शनी होत्या, काही मुदती. हुंडी हरवली तर तिच्या बदली पेठ लिहून देत, तीही गेली तर परपेठ. एकदा पैसे दिले की हुंडी खोका होई, म्हणजे रद्द.

आपल्या मोबाइलमधली बहुतेक टोकने ‘देखाडनार’ जातीची आहेत. जो दाखवील तो मालक! संगणकाच्या पुस्तकांतही त्यांना ‘बेअरर टोकन’ असेच म्हणतात. म्हणून पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी टोकन दुसऱ्याच्या संगणकात राहिले की त्या पासवर्डाचा उपयोग नाही. ‘धनीजोग’ प्रकारही आता आले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आपल्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी दिलेले टोकन त्या एका दुकानापुरतेच चालते, दुसरीकडे नेले तर निकामी.

आता घरी करायचे काम. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडा. तेथे जोडलेले संगणक दिसतील. अनोळखी नावावर बोट ठेवून लॉग आउट करा. मूळ फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर जोडलेले संगणक आपोआप सुटतात, पण शाळेचा फोन रोजच चालू असतो, त्यामुळे आम्हाला त्याचा फायदा झाला नाही. गूगल खात्यात ‘सुरक्षा’ या भागात ‘तुमची डिव्हाइस’ अशी यादी मिळते. पासवर्ड बदलल्यावर बरीच जुनी टोकने रद्द होतात, पण आपण ज्या इतर ॲपना परवानगी दिलेली असते ती कधी कधी तशीच राहते. ती यादी वेगळी पाहावी. दुसऱ्याच्या संगणकावर बसावेच लागले तर ब्राउझरची खासगी खिडकी वापरावी. ती बंद केली की त्यातले टोकनही जाते.

विश्वस्त मंडळींसाठी थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन हा पेन ड्राइव्हसारखा दिसतो, पण त्यातली गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही. सही आतच होते. चुकीचा पिन पुनःपुन्हा टाकला तर तो कुलूपबंद होतो. इतका भक्कम बंदोबस्त असताना आमच्या कपाटात दोन टोकन सापडले, आणि दोन्हींवर पिनची चिठ्ठी चिकटवलेली! २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला कायदेशीर मान्यता आहे. म्हणजे कारकुनाने ती लावली तरी कागदावर सही विश्वस्तांचीच. हे दोन्ही टोकन ज्यांचे त्यांच्या हवाली केले असून पिन बदलायला सांगितले आहे. कामाच्या दिवशी त्यांनी स्वतः यावे, चहा आमच्याकडून!

कार्यालयात आता एक नोंदवही ठेवली आहे. कोणते खाते, कोणत्या संगणकावर उघडे, कोणाच्या ताब्यात, मुदत कधी संपते आणि रद्द कोण करणार, एवढेच रकाने. कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी त्याच्या नावावरची टोकने रद्द करायची. संगणक कक्षात प्रत्येक वर्गाला वेगळे खाते दिले आहे आणि संगणक बंद करताना ब्राउझरमधील नोंदी आपोआप पुसल्या जातील अशी मांडणी केली आहे. मुलांची कुरकूर आहे, दर वेळी पासवर्ड टाकावा लागतो म्हणून. ती खरी आहे, पण मांडणी बदलणार नाही.

पहिल्या मोजणीत अकरा ठिकाणी शाळेची खाती उघडी आढळली. सात कोणाची ते कळले. उरलेल्या चारांवर कोणीच हक्क सांगितला नाही, म्हणून ती रद्द केली आहेत. त्यामुळे कोणाचे काम अडले असल्यास मधल्या सुट्टीत कार्यालयात यावे.