स्टार्टअपच्या संस्थापकावर विश्वास ठेवावा का? मोबाईलवर करता येणारी साधी तपासणी



गेल्या वर्षीची गोष्ट. पालकसभा संपली, खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं, तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाचे वडील मोबाईल घेऊन जवळ आले. म्हणाले, "सर, जरा हा व्हिडिओ बघा. या ॲपच्या मालकाची मुलाखत आहे. मोठा हुशार माणूस वाटतो. पोराच्या गणितासाठी ४८ हजार भरायचेत, हप्त्याने. भरू का?"

व्हिडिओ खरंच छान होता. तरुण संस्थापक, साधा शर्ट, गरिबीतून वर आल्याची गोष्ट, "लाखो विद्यार्थी", "दहा वर्षांचा अनुभव". पण ४८ हजार ही त्या घराची जवळजवळ तीन महिन्यांची कमाई होती. मला हो म्हणवेना आणि नाही म्हणायलाही काही आधार नव्हता. मी म्हटलं, "दादा, दोन दिवस द्या. आपण दोघं मिळून बघू."

त्या दोन दिवसांत जे शिकलो ते आज लिहितो आहे.

पहिली गोष्ट : माणूस नव्हे, दावा तपासा

"हा माणूस खरा आहे का?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याला घरी बसून मिळत नाही. पण त्या माणसाने केलेले दावे एकेक करून तपासता येतात. कंपनी कधी सुरू झाली? विद्यार्थी किती? पुरस्कार कोणी दिला? यंत्र किंवा पद्धत खरंच चालते हे कोणी पाहिलं? आपण पेपर तपासताना मुलाचा चेहरा बघून गुण देत नाही, प्रत्येक पायरी बघतो. इथेही तसंच करायचं.

थेरानोसचा धडा

अमेरिकेतलं थेरानोस कंपनीचं उदाहरण वर्गात सांगण्यासारखं आहे. एलिझाबेथ होम्स ही १९ वर्षांची मुलगी स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडून बाहेर पडली आणि २००३ मध्ये तिने ही कंपनी काढली. दावा असा की, बोटाला टोचून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांतून अनेक तपासण्या करता येतात. गुंतवणूकदारांनी ७० कोटी डॉलरहून जास्त पैसा दिला. कंपनीची किंमत सुमारे ९०० कोटी डॉलर मानली गेली. मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिचे फोटो आले.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलचे पत्रकार जॉन कॅरिरू यांनी बातमी दिली की, बहुतेक तपासण्या कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावर होतच नव्हत्या, बाजारातून घेतलेल्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने आरोप ठेवला. २०१४ सालचं उत्पन्न कंपनीने १० कोटी डॉलरहून जास्त सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते एक लाख डॉलरच्या थोडं वर होतं. म्हणजे जवळजवळ हजारपट फुगवलेलं! जानेवारी २०२२ मध्ये होम्स दोषी ठरली आणि तिला ११ वर्षांहून जास्त कैद झाली.

आता आपल्या कामाचा प्रश्न. ही बातमी येण्याआधी साध्या माणसाला काही दिसत होतं का? हो, निदान तीन गोष्टी उघड्यावर होत्या.

१) शोधनिबंध नव्हते. वैद्यकीय शोध लागला की तो नियतकालिकात छापला जातो आणि इतर तज्ज्ञ तो तपासतात. फेब्रुवारी २०१५ मध्येच जॉन आयोनिडिस या संशोधकाने अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की, या कंपनीचा शोध तज्ज्ञांच्या तपासणीसाठी समोर आलेलाच नाही.

२) संचालक मंडळ वजनदार होतं, पण विषयाचं नव्हतं. हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री त्यावर होते. माणसं मोठी, पण रक्ततपासणी हा त्यांचा विषय नव्हे.

३) "कसं चालतं?" याचं उत्तर मोघम होतं. मुलाखतीत यंत्राबद्दल विचारलं की रासायनिक प्रक्रिया होते आणि निकाल येतो, अशा थाटाचं उत्तर मिळायचं. आपल्या वर्गात एखादा मुलगा "क्रिया होते आणि उत्तर मिळते" असं लिहितो तेव्हा आपण त्याला किती गुण देतो?

"मोठ्यांनी पैसे लावलेत" हा पुरावा नव्हे

पालक हमखास म्हणतात, "एवढ्या मोठ्या कंपनीने पैसे घातले, त्यांनी बघितलं नसेल का?" कधी कधी खरंच नीट बघितलेलं नसतं. अमेरिकेत विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी आर्थिक मदतीचे अर्ज भरून देणारी फ्रँक नावाची कंपनी होती. २०२१ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बलाढ्य बँकेने ती १७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. संस्थापिका चार्ली जॅविस हिने ग्राहक ४० लाखांहून जास्त असल्याचं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते ३ लाखांहूनही कमी निघाले. मार्च २०२५ मध्ये ती फसवणुकीसाठी दोषी ठरली. हीच व्यक्ती फोर्ब्सच्या तिशीच्या आतल्या यशस्वी तरुणांच्या यादीत झळकली होती. म्हणजे पुरस्कार, यादी, मुखपृष्ठ यातून प्रसिद्धी कळते, खरेपणा कळतोच असं नाही.

आपल्याकडे काय बघता येतं?

सुदैवाने आपल्या देशात बरीच माहिती सरकारी नोंदीत उघड असते.

कंपनीचा सीआयएन क्रमांक : प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. कंपनीचं संकेतस्थळ असेल तर तो आणि नोंदणीकृत पत्ता पहिल्या पानावर देणं बंधनकारक आहे. गंमत म्हणजे या क्रमांकातच माहिती दडलेली असते. आधी एक अक्षर आणि पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्रासाठी एमएच), त्यानंतरचे चार अंक म्हणजे नोंदणीचं वर्ष. हे मुलांना शिकवलं तर त्यांना कोडं सोडवल्यासारखं वाटतं.

कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल : तिथे कंपनीचं नाव टाकलं की नोंदणीची तारीख, भरणा झालेलं भागभांडवल, संचालकांची नावं, शेवटची वार्षिक सभा आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हे दिसतं. थोडं शुल्क भरून ताळेबंदही बघता येतो.

हिशेब वेळेवर आहेत का : साधारणपणे मार्चअखेरचा हिशेब ऑक्टोबरअखेरपर्यंत दाखल व्हायला हवा. बायजूज कंपनीचे २०२०-२१ चे आकडे सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. कोविडमुळे मिळालेली मुदतवाढ धरली तरी हा उशीर मोठाच होता. तोटा ४,५०० कोटी रुपयांहून जास्त निघाला. जून २०२३ मध्ये हिशेबांना झालेल्या उशिराचं कारण देऊन डेलॉइट या लेखापरीक्षक संस्थेने काम सोडलं आणि गुंतवणूकदारांचे तीन संचालकही बाहेर पडले. जुलै २०२४ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. हिशेबाला उशीर म्हणजे लबाडी असं नाही, पण पुढची दोन-तीन वर्षांची फी एकरकमी भरण्याआधी थांबून विचार करायला ते पुरेसं कारण आहे.

पेटंट : "पेटंट अर्ज केला आहे" आणि "पेटंट मिळालं आहे" यात बोर्डाचा फॉर्म भरणं आणि पास होणं इतका फरक आहे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. आणि पेटंट मिळालं तरी वस्तू नीट चालतेच याची हमी नसते. थेरानोसकडेही पेटंटं होतीच की!

"सरकारमान्य स्टार्टअप" : ही मान्यता कंपनी काही अटींत बसते म्हणून मिळते. तिचं शिकवणं चांगलं आहे, असं सरकार त्यातून म्हणत नाही.

जुनं बोलणं : इंटरनेट अर्काइव्हवर संकेतस्थळांची जुनी पानं सापडतात. दोन वर्षांपूर्वी "पाच हजार विद्यार्थी" आणि आज "वीस लाख", तर मध्ये काय घडलं हे विचारायला हरकत नाही.

थोडं सबुरीनेही घ्या

तपासणी म्हणजे संशयाचा भोवरा नव्हे. नवीन कंपनीची नोंद कमीच असणार. आधीचा धंदा बुडाला म्हणून माणूस लबाड ठरत नाही, उलट जो ते मोकळेपणाने सांगतो तो जास्त विश्वासाचा. न्यायालयाच्या नोंदीत तेच नाव दिसलं तर आधी तोच माणूस आहे का याची खात्री करा, एकाच नावाची दहा माणसं असतात. कुणाच्या घरच्या गोष्टी खणू नका. आणि अर्धवट माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आपल्याला निर्णय घ्यायचा आहे, कुणाची बदनामी करायची नाही.

मग त्या वडिलांचं काय झालं?

आम्ही क्रमांक शोधला. कंपनीची नोंदणी होऊन १४ महिने झाले होते. "दहा वर्षांचा अनुभव" संस्थापकाचा स्वतःचा असू शकतो, म्हणून फोन करून सरळ तीन प्रश्न विचारले. अनुभव कुठला? आमच्या तालुक्यातल्या दोन पालकांशी बोलता येईल का? आवडलं नाही तर पैसे परत कसे मिळतील? पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे." तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच!

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. हप्ते ॲपला जाणार नव्हते, ते एका वित्त कंपनीचं कर्ज होतं, वडिलांच्या नावावर. ॲप बंद पडलं तरी कर्ज चालूच राहिलं असतं. दादांनी पैसे भरले नाहीत. तो संस्थापक प्रामाणिक होता की नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. पण ४८ हजार देण्याइतका पुरावा आमच्यासमोर नव्हता, एवढं नक्की. पोरगा आता शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतो. गणित हळूहळू जमतंय.

वर्गासाठी उपक्रम (आठवी ते दहावी)

वर्तमानपत्रातली किंवा मोबाईलवरची एक जाहिरात घ्या. फळ्यावर तीन रकाने आखा : दावा काय? सांगतो कोण? तपासायचं कुठे? मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक दावा द्या. शेवटी प्रत्येक दाव्यापुढे "खरा", "खोटा" किंवा "अजून माहीत नाही" असं लिहायला सांगा. तिसरा पर्याय जास्त वेळा आला तर काळजी करू नका. "अजून माहीत नाही" असं म्हणून थांबता येणं, हेच तर मुलांना शिकवायचं आहे.