हवा गाळणी, मोटारगाडीच्या एंजिनाची
हवा गाळणी : अंतर्ज्वलन एंजिनात ज्वलनासाठी ओढल्या जाणाऱ्या हवेतील धूळ व इतर घन कण अडवून ठेवणारी प्रयुक्ती. प्रवासी कक्षातील हवा शुद्ध करणारी गाळणी हिच्याहून वेगळी असून तिचा एंजिनाशी संबंध नसतो. केवळ विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या गाडीत इंधनाचे ज्वलन होत नसल्याने तीत एंजिनाची हवा गाळणी नसते. ही गाळणी स्वस्त व सहज बदलता येण्याजोगी असते. तथापि ती केव्हा बदलावी, हे गाडीने तोडलेल्या अंतरावरून पूर्णपणे ठरत नाही. गाडी कोणत्या हवेतून चालली, यावर ते मुख्यतः अवलंबून असते.

आवश्यकता : पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या सु. 14.7 पट हवा लागते. 1 लि. पेट्रोलचे वजन सु. 0.74 किग्रॅ. धरल्यास त्यासाठी सु. 11 किग्रॅ., म्हणजे सामान्य तापमानास व दाबास सु. 9 घ.मी., हवा लागते. लिटरला 15 किमी. जाणारी गाडी 15,000 किमी. अंतरात सु. 9,000 घ.मी. हवा आत घेते. भारतात 2009 साली ठरविण्यात आलेल्या मानकात 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांची 24 तासांची मर्यादा दर घ.मी.स 100 मायक्रोग्रॅम अशी आहे. या मर्यादेतील हवेतून वरील संपूर्ण प्रवासात असे कण 1 ग्रॅमहूनही कमी येतील. पुढील वाहनाने उडविलेल्या धुरळ्यातून कच्च्या रस्त्यावर जाताना हेच प्रमाण शंभर पट झाले, तर तेवढ्याच अंतरात सु. 90 ग्रॅम धूळ जमा होईल. दोन गाड्यांचे अंतर सारखे असूनही एकीची गाळणी जवळजवळ स्वच्छ व दुसरीची पूर्ण भरलेली का आढळते, हे यावरून स्पष्ट होते.

रस्त्यावरील धुळीत क्वार्ट्झाचे कण बरेच असतात. मोस मापप्रमाणानुसार क्वार्ट्झाची कठिनता 7 आहे. वंगण तेलाच्या पटलाच्या जाडीशी तुल्य असलेले काही मायक्रॉनांचे कण सर्वांत घातक ठरतात. ते दट्ट्याच्या कड्या व सिलिंडराची भित्ती यांच्यामध्ये शिरून दोहोंची झीज करतात. परिणामी संपीडन कमी होते व वंगण तेल जळू लागते. वापरलेल्या वंगण तेलाच्या विश्लेषणात सिलिकॉनाचे प्रमाण वाढलेले आढळल्यास गाळणीतून किंवा तिच्या सांध्यांतून धूळ आत जात असल्याचा संशय घेतात.

प्रकार : पूर्वीच्या मोटारगाड्यांत तेलपात्र गाळणी सर्रास वापरीत. तीत हवेचा झोत तेलाच्या पृष्ठभागावर आपटून एकाएकी दिशा बदलतो. जड कण तेलात अडकतात व उरलेले तेलाने भिजलेल्या तारेच्या जाळीत राहतात. अनेक ट्रॅक्टरांत ही पद्धत पुढेही टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतील वाळवंटी धुळीमुळे गाळणीचे महत्त्व विशेष जाणवले. तेथील ब्रिटिश स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली मोठी व्होक्स गाळणी बसविण्यात आली. तिच्यामुळे एंजिनाचे रक्षण झाले, पण विमानाचा वेग घटला. म्हणून पुढे ईजिप्तमधील अबुकीर येथे तयार केलेली लहान गाळणी वापरण्यात आली. 1950 नंतर मोटारगाड्यांत घड्या घातलेल्या कागदाची गाळणी रूढ होत गेली. घड्यांमुळे थोड्या जागेत मोठे क्षेत्रफळ मिळते.

भरण्याची क्रिया : नवी कागदी गाळणी सर्वांत कार्यक्षम असते, हा समज बरोबर नाही. पृष्ठावर साचलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक कण अडवू लागतो व गाळण्याची कार्यक्षमता काही काळ वाढत जाते. मात्र त्याबरोबर हवेच्या प्रवाहास होणारा रोधही वाढतो. हा रोध मर्यादेबाहेर गेला म्हणजे गाळणीचे आयुष्य संपले, असे समजतात. अवजड डीझेल वाहनांत यासाठी रोधदर्शक बसवितात व सु. 635 मिमी. जलस्तंभाइतका (सु. 6.2 किलोपास्काल) रोध ही गाळणी बदलण्याची मर्यादा सामान्यतः धरतात.

तुंबलेल्या गाळणीचा परिणाम एंजिनाच्या प्रकारानुसार वेगळा होतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत हवा कमी पडून मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते व इंधन वाया जाते. इंधनाचे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असलेल्या पेट्रोल गाड्यांत हवेच्या मानानेच इंधन सोडले जाते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 2009 मधील अभ्यासात अशा गाड्यांचा इंधनखर्च तुंबलेल्या गाळणीमुळे लक्षणीय वाढला नाही; प्रवेग मात्र कमी झाला. त्यामुळे इंधनखर्च वाढला नाही, एवढ्यावरून गाळणी ठीक आहे असे मानता येत नाही. डीझेल एंजिनात हवा कमी पडल्यास काळा धूर येतो आणि निष्कास वायूचे तापमान वाढते.

बदलण्याचा काळ : पक्क्या रस्त्यावरील सामान्य वापरासाठी बहुतेक उत्पादक सु. 20,000 ते 50,000 किमी. दरम्यानचे अंतर सुचवितात. विशिष्ट गाडीसाठी तिच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. कच्चे रस्ते, खडी केंद्रे, बांधकामे किंवा उन्हाळ्यातील शेतरस्ते यांवर नेहमी चालणाऱ्या गाडीची गाळणी त्याहून पुष्कळ लवकर तपासावी लागते. कागद फाटला, तेलाने माखला, भिजून फुगला किंवा कडेची रबरी पट्टी कडक झाली असेल, तर अंतर न पाहता गाळणी बदलतात. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीची गाळणी ओली आढळल्यास एंजिनात पाणी गेले नसल्याची खात्री होईपर्यंत ते सुरू करू नये.

वारंवार तपासणीही निर्धोक नसते. गाळणी प्रत्येक वेळी काढताना तिच्यावरील धूळ स्वच्छ बाजूस पडण्याचा व पट्टी नीट न बसण्याचा संभव असतो. जोरदार दाबाच्या हवेने कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात. उत्पादकाने मुभा दिली असल्यास हवा कमी दाबाची व आतून बाहेरच्या दिशेने सोडावी. कागदी गाळणी धुऊ नये. केवळ करडा रंग हे गाळणी निकामी झाल्याचे लक्षण नव्हे. भरलेल्या गाळणीमुळे शक्ती घटते व नवी गाळणी घातल्यावर ती परत मिळते. फाटलेल्या किंवा सैल गाळणीतून गेलेल्या धुळीने झालेली झीज मात्र भरून येत नाही.