मेंदू, संप्रेरके आणि जन्माच्या आगेमागेचे दिवस : पांढऱ्या उंदरावरील संशोधनाचे विवेचन

प्रस्तावना

प्रजनन म्हटले की वृषण व अंडाशय यांचाच विचार प्रथम केला जातो. तथापि या दोन्ही ग्रंथींच्या कार्याची सूत्रे मेंदूच्या हाती असतात. मादी उंदरात दर चार-पाच दिवसांनी अंडमोचन होते, नरात अशी चक्राकार क्रिया आढळत नाही. हा भेद जननग्रंथींमुळे नसून मेंदूमुळे आहे आणि तो जन्माच्या आगेमागेच्या मोजक्या दिवसांतच निश्चित होतो, असे पांढऱ्या उंदरावरील प्रयोगांनी दाखवून दिले आहे. या काळात नेमके काय घडते आणि मुंबईत झालेले संशोधन त्या संदर्भात काय सांगते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नियमनाची साखळी

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस म्हणजेच अधश्चेतक हा या साखळीचा आरंभ होय. तेथील काही चेतापेशी जीएनआरएच हे अवघ्या दहा अमिनो आम्लांचे संप्रेरक स्रवतात. त्याची रचना १९७१ मध्ये निश्चित झाली. त्या कार्यासाठी रॉजर गिलमाँ व अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जीएनआरएचच्या प्रभावाने पियुषिका ग्रंथी एलएच व एफएसएच ही संप्रेरके रक्तात सोडते आणि त्यांच्यामुळे जननग्रंथी कार्यान्वित होतात. जननग्रंथींची संप्रेरके पुन्हा मेंदूकडे येऊन स्रावाचे प्रमाण कमी-अधिक करतात.

येथे मात्रेइतकेच लयीलाही महत्त्व आहे. जीएनआरएच ठरावीक अंतराने, स्पंदनांच्या रूपात स्रवावे लागते. ते सतत मिळत राहिले तर पियुषिका ग्रंथी प्रतिसाद देईनाशी होते, हे अर्नस्ट नोबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून सिद्ध केले.

नाकातून मेंदूकडे

जीएनआरएच चेतापेशींची संख्या उंदराच्या मेंदूत सुमारे एक हजाराच्या घरात असते. विशेष म्हणजे या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. भ्रूणाच्या नासिकाभागात त्या निर्माण होतात आणि गंधवाहक तंतूंच्या आधाराने सरकत जन्मापूर्वीच हायपोथॅलॅमसमध्ये पोहोचतात. हा प्रवास अडला तर काय होते, याचे उदाहरण मानवातील कालमन विकारात दिसते. या विकारात गंधज्ञान नसते वा क्षीण असते आणि यौवनागमनही आपोआप होत नाही. वरवर असंबद्ध वाटणाऱ्या या दोन लक्षणांचे मूळ एकाच प्रवासात आहे.

निर्णायक काळ

उंदराचा गर्भकाळ सुमारे बावीस दिवसांचा असतो. नर गर्भाच्या वृषणांतून अठराव्या दिवसाच्या सुमारास टेस्टोस्टेरॉनचा मोठा स्राव होतो. जन्मानंतर काही तासांतच तो पुन्हा एकदा वाढतो. या स्रावाचा अर्थ कॅरोल फायफर यांच्या १९३६ मधील प्रयोगांनी प्रथम सूचित केला. नवजात मादीत वृषणाचे रोपण केले असता, मोठेपणी अशा बहुतेक माद्यांत अंडमोचन झाले नाही. याउलट, जन्मतःच वृषणे काढलेल्या नरात पुढे अंडाशय रोपिले असता त्यात पीतपिंड तयार झाले, म्हणजेच अंडमोचन घडून आले. फायफर यांनी या बदलाचे स्थान पियुषिका ग्रंथीत मानले होते. परंतु नराची पियुषिका मादीच्या हायपोथॅलॅमसखाली रोपिल्यास ती मादीप्रमाणेच कार्य करते, असे पुढे जेफ्री हॅरिस व डोरा याकोबसोन यांच्या १९५२ मधील संशोधनातून पुढे आले. अर्थात, भेदाचे स्थान मेंदूत आहे हे स्पष्ट झाले.

चार्ल्स बॅरक्लॉ यांच्या १९६१ मधील प्रयोगाने काळाची सीमाही आखून दिली. पाचव्या दिवशी टेस्टोस्टेरॉनची एकच मात्रा दिलेली मादी कायमची वंध्य होते. विसाव्या दिवशी दिलेल्या तेवढ्याच मात्रेने असे होत नाही. संप्रेरक तेच, मात्रा तीच, केवळ दिवस निराळा!

या प्रक्रियेतील एक बाब विरोधाभासी वाटते. मेंदूत पोहोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचे अ‍ॅरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि उंदराच्या मेंदूला नराचे वळण देण्याचे बरेचसे कार्य हे इस्ट्रोजेनच करते. मग मातेच्या इस्ट्रोजेनमुळे मादी पिल्लाचा मेंदू का बदलत नाही? पिल्लाच्या रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन हे प्रथिन इस्ट्रोजेनला बांधून ठेवते व मेंदूत जाऊ देत नाही, हे त्याचे उत्तर आहे. टेस्टोस्टेरॉनला मात्र हे प्रथिन अडवीत नाही.

किसपेप्टिन या प्रथिनाच्या अभ्यासामुळे पुढील दुवाही हाती आला. त्याचा ग्राही निकामी असल्यास यौवनागमन होत नाही, हे २००३ मध्ये दिसून आले. हायपोथॅलॅमसच्या पुढील भागातील किसपेप्टिन चेतापेशी मादीत विपुल, तर नरात अत्यल्प असतात. अंडमोचनापूर्वी एलएचची जी उसळी येते, ती याच पेशींमुळे. नवजात अवस्थेतील संप्रेरकांमुळे त्यांची संख्या घटली की ती उसळी पुढे कधीच येत नाही.

मुंबईतील संशोधन

हा काळ जसा घडणीचा, तसाच तो धोक्याचाही आहे. शरीरातील संप्रेरकांची नक्कल करणारे बाह्य रसायन याच दिवसांत पोहोचले तर काय होईल? परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत (आता राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था) स्मिता सालियन, तृप्ती दोशी व गीता वनगे यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. प्लास्टिकनिर्मितीत वापरले जाणारे बिस्फेनॉल ए हे रसायन इस्ट्रोजेनसारखे वागते. नवजात नर उंदरांना जन्मानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत ते दिले असता, मोठेपणी त्यांची प्रजननक्षमता घटली आणि वृषणातील सरटोली पेशींना जोडणाऱ्या प्रथिनांत बदल झाले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. २०११ मधील अभ्यासात अशा उंदरांच्या वृषणात इस्ट्रोजेन ग्राहीच्या जनुकाच्या नियंत्रक भागाचे मेथिलीकरण वाढलेले आढळले. रसायन शरीरातून केव्हाच निघून गेले होते, जनुकावरील खूण मात्र राहिली होती. हे अभ्यास प्रामुख्याने वृषणाचे आहेत. त्यांवरून मेंदूविषयी थेट अनुमान काढता येत नाही. मात्र अल्पकाळाच्या संपर्काचा परिणाम प्रौढपणीही टिकतो, हे तत्त्व त्यांतून अधोरेखित होते.

उंदीर आणि मानव

या निष्कर्षांचे मानवावर सरसकट आरोपण करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही. उंदराचे पिल्लू अत्यंत अपरिपक्व मेंदू घेऊन जन्मते. मानवात या घडणीचा बराच भाग गर्भातच पूर्ण होतो. मानवी अल्फा फीटोप्रोटीन इस्ट्रोजेनला फारसे बांधत नाही. माकडांच्या प्रौढ नरातही, वृषणे काढल्यावर, इस्ट्रोजेन देऊन एलएचची उसळी घडविता येते. म्हणजे नराचा मेंदू ही क्षमता कायमची गमावतो, हा उंदरातील नियम तेथे लागू पडत नाही.

तरीही साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. मानवी अर्भकातही जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही साखळी तात्पुरती जागृत होते व नंतर यौवनागमनापर्यंत शांत राहते. याच महिन्यांत बाळाच्या तोंडी दुधाची बाटली असते. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१५ च्या मानकाने दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांत बिस्फेनॉल एला मनाई केली, तिचे औचित्य या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. कापूस पिकविणाऱ्या खानदेशासही हा विषय परका नाही. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या संपर्कातील मुलांचे यौवनागमन लांबल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या अभ्यासात २००३ मध्ये दिसून आले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली.

समारोप

सारांश, प्रौढावस्थेत संप्रेरके तयार यंत्रणेला चालना देतात, तर आरंभीच्या काळात ती यंत्रणाच घडवितात. पहिला परिणाम संप्रेरक ओसरताच मावळतो, दुसरा आयुष्यभर टिकतो. पदवी स्तरावर संप्रेरकांचे स्थान, रचना व कार्य शिकविले जाते. त्यांच्या जोडीला काळाची मितीही शिकविली गेली पाहिजे. विषाची व्याख्या केवळ मात्रेने होत नाही, ते शरीरात कोणत्या दिवशी पोहोचले यानेही होते, ही जाण विद्यार्थ्यांत रुजविणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.