सांगलीचा बाइट क्रमांक ६,१५,१७९

उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या नकाशांत सांगलीलाही पत्ता आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावची ‘रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स’ ही संस्था १९८७पासूनच्या सूक्ष्मलहरी उपकरणांच्या नोंदी पाव अंशाच्या चौकोनांत मांडते. एका रांगेत १४४० चौकोन, अशा ७२० रांगा. प्रत्येक नकाशात १०,३६,८०० बाइट. मोजणी दक्षिण ध्रुवापाशी, शून्य रेखांशालगत सुरू होते. ४२७ रांगा ओलांडल्या की ४२८व्या रांगेत २९९व्या जागी सांगली येते, म्हणजे ६,१५,१७९वा बाइट. तिथे कायम एकच अंक असतो : २५५.

या फायली वाचणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचे, म्हणजे ‘रीड रूटीन’चे, मला फार वर्षांपासून वेड आहे. उपग्रहांवर पुस्तके निघतात, मॉडेलांवर परिषदा होतात. मधल्या या पाच-पन्नास ओळींकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. या दैनिक फाइलला शीर्षक नाही, एकक नाही, तारीखही फक्त नावात. आत नुसते ० ते २५५ अंक. फोरट्रानपासून पायथॉनपर्यंत अनेक भाषांत लिहिलेले रूटीन ते अंक रांगेत लावते आणि प्रत्येक नकाशाला त्याचा गुणक देते : वाऱ्याला ०.२, बाष्पाला ०.३, पावसाला ०.१. तेव्हा कुठे मीटर आणि मिलिमीटर हाती येतात.

सोबतच्या माहितीपत्रात सर्वांत मोलाच्या पाच ओळी आहेत. २५०च्या पुढचे अंक मोजमाप नसून शेरे आहेत. २५१ म्हणजे पावसामुळे वारा मोजता आला नाही. २५२ म्हणजे समुद्री बर्फ. २५३ म्हणजे नोंद आहे, पण खराब. २५४ म्हणजे नोंदच नाही. आणि २५५ म्हणजे जमीन. मोजता का आले नाही, याची कारणेही मोजमापाइतक्याच काळजीने जपणारा हा तक्ता मला विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना वाटतो.

हा तक्ता न वाचता कोणी सरसकट गुणाकार केला, तर २५५ गुणिले ०.१ होते, आणि सांगलीवर बारा महिने ताशी २५.५ मिलिमीटर पाऊस कोसळू लागतो. जत, आटपाडी, माण, महाबळेश्वर, सगळीकडे तेवढाच! संगणक चूक दाखवत नाही, नकाशाही सुबक छापला जातो.

जमीन वगळण्याचे कारण भौतिकीत आहे. सूक्ष्मलहरींत समुद्र थंड आणि एकसारखा दिसतो, त्यामुळे त्यावरचे बाष्प आणि थेंब उठून दिसतात. जमीन स्वतःच प्रखर आणि जागोजागी वेगळी. थेंबांची खूण तिच्यात बुडून जाते. म्हणून जमिनीवरचा पाऊस मुख्यतः ढगातल्या बर्फकणांवरून ताडावा लागतो. सह्याद्रीवर नेमकी तिथेच अडचण येते. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचे बरेचसे ढग ठेंगणे आणि उबदार असतात. त्यांत बर्फ कमी, पण पाणी धो धो. परिणामी घाटाचा पाऊस उपग्रह अनेकदा कमी सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२मध्ये महाबळेश्वरला मेघभौतिकी प्रयोगशाळा उभारली. तिथे हे ढग थेट अंगावर येतात.

हवामान खात्याची पावसाची फाइल याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात समुद्र उणे ९९९ आणि सातारा-सांगली बोलके. डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ‘मौसम’ नियतकालिकात मांडलेली ही जाळी १३५ बाय १२९ बिंदूंची, ६,९५५ पर्जन्यमापकांवर उभी, १९०१पासूनची. तरीही तिचा एक चौकोन सुमारे २७ किलोमीटरचा. महाबळेश्वरपासून वाईपर्यंत पाऊस कड्यासारखा उतरतो आणि तो सगळा उतार एक-दोन चौकोनांत दबतो. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अशी घटना सरासरीत विरली, तर कृष्णा आणि कोयनेच्या काठाला तिचा अंदाज येणार कसा?

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने सुमारे साडेसत्तावन्न फूट गाठले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मग वाद पेटला : कोयना धरणाचा विसर्ग, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फूग, की नुसता पाऊस? या पुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरले नाही, तरी वाद शमला नाही. माझे मत स्पष्ट आहे. ज्या वादात आकडे सर्वांना सारखे वाचता येत नाहीत, तो आवाजावर चालतो. पाऊस, धरणसाठा, विसर्ग आणि पुलाची पातळी तासागणिक एकाच फाइलमध्ये, एककांसह आणि ‘नोंद नाही’चे वेगळे चिन्ह घालून खुली झाली, तर निदान भांडणाचा पाया एक होईल.

सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या महाविद्यालयांत संगणक आहेत, शिकणारी मुलेही आहेत. हवामान खात्याची पावसाची फाइल मोफत मिळते, ‘आयएमडीलिब’सारखे वाचक प्रोग्रॅमही खुले आहेत. प्राध्यापकांनी या वर्षीच्या प्रकल्पांत एका तरी गटाला आपल्या तालुक्याचा पाऊस १९०१पासून वाचायला द्यावा. आणि पहिला धडा गुणकाचा देऊ नये. ‘नोंद नाही’ कसे ओळखायचे, हा द्यावा.